जुन्या गाडीला मॅगव्हील टाकताय? या चुका टाळा, मी सगळ्या करून बसलोय

माझ्याकडं वडिलांची प्रीमियर ११८ एनई आहे, बॉडी फियाट १२४ ची आणि इंजिन निस्सानचं ए१२, ११७१ सीसी. साताऱ्यात आता अशा गाड्या बोटावर मोजण्याइतक्या राहिल्यात, पेट्रोल पंपावर उभं राहिलं की कोणतरी विचारतंच, "विकायची का?" विकायची नाय. पण दोन वर्षांमागं मला खाज सुटली की हिला मॅगव्हील, म्हणजे लोखंडीऐवजी ॲलॉयचे रिम, टाकायचे, टाकले, आणि पुढचे तीन महिने नुसता एका थरथरीच्या मागं फिरत बसलो. त्यातनं जे कळलं ते लिहितोय, म्हणजे तुमचे तरी पैसे वाचतील.

पहिली आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे "चार होल आहेत ना, मग बसतंय की" या दुकानदाराच्या वाक्यावर विश्वास ठेवणं. बोल्टची भोकं ज्या गोलावर असतात त्या गोलाचा व्यास म्हणजे पीसीडी. एनईचा ९८ मिमी, फियाटवाल्यांचं जुनं माप, नंतरच्या उनो-पालियोलाही तेच. आणि दुकानात लटकवलेले चार होलवाले रिम बहुतेक १०० चे, स्विफ्ट, आय१०, सिटी वगैरेला चालणारे, नायतर ११४.३ चे, जे मारुती ८०० ला लागतात. आता ११४.३ वालं चढणारच नाय, तिथं कोणी फसत नाय. फसगत आहे ती ९८ आणि १०० मधे. फरक दोनच मिमी, म्हणजे प्रत्येक बोल्टमागं एक मिमी, त्यामुळं रिम चढतं, बोल्ट आत जातात, एअर गन मारली की टाइट पण होतात आणि गाडी दुकानातनं बाहेर पडताना एकदम झकास दिसते. पण आतमधे बोल्टचा कोन, म्हणजे डोक्याखालचा निमुळता भाग, सीटवर (रिमच्या भोकात तो टेकतो ती जागा) सरळ बसलेलाच नसतो, एका बाजूनं टेकतो आणि दुसऱ्या बाजूला फट. बोल्ट वाकायला बघतो, चाक मधोमध बसत नाय.

माझ्या गाडीत हायवेला लिंब खिंडीच्या आसपास ७० च्या पुढं गेलं की स्टिअरिंग थरथरायचं. टायरवाल्याकडं तीनदा बॅलन्सिंग केलं, तिन्ही वेळा मशीनवर शून्य. अलाइनमेंट केली, टायर पुढचे मागं टाकले, एकजण तर म्हणला रॅक बदला (म्हणजे स्टिअरिंगचा रॅक, आणि या गाडीला रॅक नायच, जुन्या पद्धतीचा स्टिअरिंग बॉक्स आहे, पण असो). शेवटी एमआयडीसीतल्या एका म्हाताऱ्या फिटरनं एक बोल्ट काढून उन्हात धरला आणि म्हणला, "हे बघा, एका अंगानंच खातोय." खरंच, कोनाच्या एका बाजूला लख्ख चकाकी आणि दुसरी बाजू जशीच्या तशी काळी.

मग मशीनवर शून्य कसं येत होतं? कारण बॅलन्सिंग मशीन रिमला मधल्या मोठ्या भोकात कोन घालून पकडतं, तिथं चाक बरोबर मध्यावरच फिरतं. गाडीवर मात्र तेच चाक वाकड्या बसलेल्या बोल्टवर लटकतंय. म्हणजे दोष चाकात नव्हताच, बसण्यात होता, आणि तो त्या मशीनला कधीच दिसणार नव्हता. घरी तपासायचं असेल तर सोपं आहे. गाडी जॅकवर, खाली घोडा (लोखंडी स्टँड) लावून, टायरजवळ विटेवर एक स्क्रू ड्रायव्हर टेकवून ठेवा आणि चाक हळू फिरवा, फट कमीजास्त होत गेली तर चाक मध्यावर नाय. मग जुनं लोखंडी रिम लावून हायवेला एक चक्कर मारा, थरथर गेली तर गुन्हेगार सापडला. आणि ढोबळ मानानं, स्टिअरिंग थरथरलं तर पुढचं चाक, सीट थरथरली तर मागचं.

मोजायचं कसं? चार बोल्टला समोरासमोरच्या दोन भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंत थेट. पाच बोल्टच्या गाडीला समोरासमोर भोक येत नाय, तिथं शेजारच्या दोन भोकांतलं अंतर घ्यायचं आणि १.७०१ नं गुणायचं. टेपनं नको, वर्नियरनं मोजा, दोन मिमीचीच तर सगळी भानगड आहे. ज्या रिमला आठ होल असतात, डबल पीसीडीवाली, त्यात तर दोन्ही मापं विचारून घ्याच.

आता मधलं भोक. बाजारातले बरेचसे रिम ७३.१ मिमीच्या भोकाचे येतात, सगळ्या गाड्यांना चालावेत म्हणून. हबचं, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाचं, मधलं नाक त्याहून बारीक असतं, मधे नुसती हवा. तिथं रिंग बसवायची असते, हबच्या मापाची आतून आणि रिमच्या मापाची बाहेरून. दुकानदार देत नाय, तुम्ही मागायची. तयार मिळाली नाय तर लेथवाल्याकडनं ॲल्युमिनियमची करून घ्या, फार काही काम नसतं त्यात. पण रिंग टाकली म्हणजे १०० चं रिम ९८ ला चालतं असं नाय हां, हा सल्ला मलाही मिळालेला.

बोल्ट आणि नटाची सीट हा अजून एक घोळ. बाजारच्या मॅगव्हीलला बहुतेक कोनाची, साठ अंशांची सीट असते. होंडाचे कंपनी नट गोल सीटचे, जुन्या मर्सिडीजचे बोल्ट पण गोल सीटचे, ते कोनाच्या रिमला लावले की नुसत्या एका बारीक कडेवर टेकतात आणि काही दिवसांत सैल. आटे पण बघा, मारुतीला एम१२ (१२ मिमी जाडी) आणि १.२५ पिच (दोन आट्यांतलं अंतर, मिमीत), होंडा-टोयोटाला एम१२ आणि १.५. चुकीचा नट दोन फेरे हातानं जातो, मग अडतो, आणि पोरगं गन मारून आटे खाऊन टाकतं. म्हणून सुरुवातीला प्रत्येक बोल्ट हातानंच फिरवा. पूर्ण किती फेरे जातो तेही मोजा, १.५ पिचला निदान आठ आणि १.२५ ला दहाच्या आसपास पाहिजेत, कमी भरले तर बोल्ट आखूड आहे. मागनं स्पेसर (चाक बाहेर काढायला हब आणि रिममधे टाकायची चकती) टाकणाऱ्यांचे फेरे असेच कमी होतात, त्यामुळं स्पेसर माझ्या मते नकोच. टाइट करताना समोरासमोर, टॉर्क पान्यानं, मॅन्युअलमधल्या आकड्याला, आणि ५०-१०० किलोमीटर चालवून परत एकदा.

ऑफसेटकडं तर कोण बघतच नाय. रिमच्या रुंदीचा मध्य आणि हबला टेकणारी बाजू यातलं मिमीतलं अंतर म्हणजे ऑफसेट, रिमवर ते ईटी म्हणून लिहिलेलं असतं, आकडा कमी तेवढं चाक बाहेर. समजा मूळ रिम साडेपाच इंची, ईटी ३०, आणि तुम्ही घेतलं सात इंची, ईटी १५. रुंदी वाढली त्याची निम्मी १९ मिमी अधिक ऑफसेटचे १५, म्हणजे चाक ३४ मिमी बाहेर. आत मात्र ४ मिमीच. दिसायला लय भारी, पण मडगार्ड टायर खातं, बेअरिंगवर जोर येतो आणि पॉवर स्टिअरिंग नसलेली जुनी गाडी पोवई नाक्यावर वळवताना दंड भरून येतात. चाक मडगार्डच्या बाहेर आलं तर पोलीसमामा पण अडवतात. आरसीवरची माहिती आणि गाडी यात फरक पडेल असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मधे बसत नाय, आणि क्लेमच्या वेळी इन्शुरन्सवाल्यानं बोट दाखवण्यापेक्षा त्याला आधीच कळवलेलं बरं.

टायरचा बाहेरचा व्यास मूळ मापाच्या जवळ ठेवा. १५५/८० आर१३ (रुंदी १५५ मिमी, उंची रुंदीच्या ८० टक्के, रिम १३ इंची) साधारण ५७८ मिमी, त्याजागी १६५/६५ आर१३ टाकला तर ५४५. म्हणजे गाडी १७ मिमी खाली बसली, स्पीडोमीटर ८० दाखवतंय तेव्हा खरा वेग ७५, आणि ऊस तोडणीच्या दिवसांत ट्रॉल्यांनी खणलेल्या रस्त्यावर पहिला धक्का रिमलाच.

टेस्ट घ्यायची तर एकट्यानं कॉलनीत फेरी मारून घेऊ नका. चार माणसं बसवा, स्टिअरिंग दोन्ही बाजूला पूर्ण वळवा आणि यवतेश्वर घाट चढा, घासायचं असेल तर तिथल्या वळणांना घासतंच.

आणि स्टेपनी. ९८ चे रिम शेवटी मिळाले, सोबत लांब बोल्ट घेतले कारण मॅगचं रिम जाड असतं. मग कासवरनं येताना मागचं चाक पंक्चर झालं, लोखंडी स्टेपनी त्याच लांब बोल्टवर लावली आणि चाक फिरेचना, खर्रर्र आवाज. पातळ रिममधनं बोल्ट पार आत ब्रेकच्या भागाला टेकले होते. जुने बोल्ट घरी कपाटात, कंदी पेढ्याच्या बॉक्समधे. मेव्हणा ॲक्टिव्हावर तो बॉक्स घेऊन घाट चढून येईपर्यंत दीड तास गेला आणि बायको त्या दीड तासात एक शब्द बोलली नाय. बॉक्स आता डिकीत असतो.