शुशा की शुशी? काराबाखवर प्रबंध लिहिताना

आर्मेनिया आणि अझरबैजान ज्यासाठी भांडले, त्या काराबाख या डोंगरी प्रदेशावर मी एमएच्या दुसऱ्या वर्षी लघुप्रबंध घेतला, तेव्हा माझं भांडवल म्हणजे त्यांच्या 2020 च्या युद्धातले ड्रोनचे व्हिडिओ. पहिला मसुदा मॅडमनी परत दिला तो एकाच शब्दाभोवती लाल गोल करून. मी ‘शुशी’ लिहिलं होतं. “हे नाव कुणाचं?” एवढंच विचारलं त्यांनी. आर्मेनियन लोक त्या गावाला शुशी म्हणतात, अझरबैजानी शुशा. काराबाखच्या मुख्य शहराचंही तेच: आर्मेनियन स्टेपानाकर्ट म्हणतात, अझरबैजानी खानकेंदी. बेळगाव म्हणणारा कोण आणि बेळगावी म्हणणारा कोण, हे कळणाऱ्या मुलीला हे सुचू नये! या विषयात नव्याने येत असाल तर पहिल्याच दिवशी वहीत दोन रकाने पाडा आणि दोन्ही नावं लिहून ठेवा.

सुरुवात युद्धापासून करू नका. मी केली, दोन महिने फुकट गेले. गाठ 1921 ची आहे. बोल्शेविकांच्या कॉकेशस ब्युरोने काराबाख अझरबैजानात ठेवलं, 1923 मध्ये त्याला स्वायत्त प्रांत केलं. वस्ती मात्र बहुतांश आर्मेनियन. फेब्रुवारी 1988 मध्ये तिथल्या सोव्हिएतने, म्हणजे प्रांताच्या परिषदेने, आर्मेनियात जाण्याचा ठराव केला आणि चार वर्षांच्या आत सोव्हिएत संघच मोडला. पहिलं युद्ध थांबवणारी 1994 ची शस्त्रसंधी, मध्यस्थी करणारा मिन्स्क गट वगैरे कुठेही मिळतं, त्यावर पानं घालवू नका.

आर्मेनियात सरकार बदलणाऱ्या 2018 च्या मखमली क्रांतीवर मी अख्खं प्रकरण लिहिलं होतं. गुमरीहून राजधानी येरेवानला पायी निघालेला तिचा नेता पाशिन्यान मला फार आवडला होता, खोटं कशाला बोलू. मग कळलं की सत्तेवर आल्यावर, 2019 मध्ये, तोच स्टेपानाकर्टच्या चौकात म्हणाला, “आर्त्साख म्हणजे आर्मेनिया, बस्स.” आर्त्साख हे काराबाखचं आर्मेनियन नाव. प्रकरण नव्याने लिहावं लागलं.

विस्थापितांवर वेळ घाला, पण दोन्हीकडच्या. पहिल्या युद्धात काराबाख आणि भोवतालच्या सात जिल्ह्यांतून पाच लाखांवर अझरबैजानी बेघर झाले. सप्टेंबर 2023 मध्ये अझरबैजानच्या एका दिवसाच्या लष्करी कारवाईनंतर लाखावर आर्मेनियन लाचिनच्या रस्त्याने आर्मेनियात निघून गेले. यातला एकच आकडा देणारा लेख हाती आला, की मी आधी लेखकाचं नाव बघते.

रशियन शिकाच. अझरबैजानी शिकणार असाल तर लिपी सांभाळा: 1988 चं बाकूचं वर्तमानपत्र सिरिलिकमध्ये, आजचं लॅटिनमध्ये.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, “यात भारत कुठे आहे?” मी म्हटलं, तटस्थ. ते हसले. “आणि आर्मेनियाने घेतलेलं पिनाक?” पिनाक म्हणजे भारतीय रॉकेट यंत्रणा; ती विकसित करणारी डीआरडीओची संस्था पुण्यात, पाषाणला. मी रोज बसने त्याच बाजूने विद्यापीठात जायचे.