ट्रोपोनिनचा रिपोर्ट कसा वाचावा
छातीत दुखत असेल तर आधी रुग्णालय गाठा, रिपोर्ट नंतर. ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायूतलं प्रथिन. पेशींना इजा झाली की ते रक्तात उतरतं, पण आकडा वाढायला काही तास लागू शकतात. म्हणून लवकर घेतलेला पहिला नमुना नॉर्मल आला तरी निर्धास्त होऊ नका. अतिसंवेदनशील चाचणी (ट्रोपोनिनचं अगदी कमी प्रमाणही पकडणारी) १ ते ३ तासांनी पुन्हा करतात. खरी गोम दोन आकड्यांतल्या फरकात असते. फरक मोठा असेल तर इजा ताजी. आकडा वाढलेला पण स्थिर असेल, तर मूत्रपिंडाचा जुनाट आजारही कारण असू शकतो. एकक नीट पाहा: मिलिलिटरला ०.०४ नॅनोग्रॅम म्हणजेच लिटरला ४०. बायोटिन या जीवनसत्त्वाच्या जास्त मात्रेच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगा. काही चाचण्यांत त्यामुळे आकडा खोटाच कमी येतो.