अष्टपैलू घडवायचा तर: रॉबिन सिंगची सरासरी आणि बेळगावची मॅट

भारताच्या रॉबिन सिंगची एकदिवसीय कारकीर्द नुसत्या आकड्यांत वाचली तर माणूस बुचकळ्यात पडतो. १३६ सामने, २३३६ धावा, सरासरी २५.९५. बळी ६९, सरासरी (म्हणजे एका बळीमागे दिलेल्या धावा) ४३.२६. फलंदाजीची सरासरी गोलंदाजीच्या सरासरीपेक्षा जास्त असेल तो खरा अष्टपैलू, हे जुने माप. त्या मापाने रॉबिन सपशेल नापास. तरी १९९६ पासून २००१ पर्यंत भारताचा एकदिवसीय संघ त्याच्याशिवाय क्वचितच उतरला.

कारण असे की त्या संघात दुसरे कुणी करत नव्हते ती कामे तो करायचा. सहाव्या-सातव्या क्रमांकावर येऊन एकेरी धाव दुहेरी करणे, कव्हर-पॉइंटला झेप घेऊन चौकार अडवणे, मधल्या षटकांत मध्यमगतीने यष्टीच्या रोखाने मारा करणे. जानेवारी १९९८ मध्ये ढाक्याच्या अंतिम सामन्यात ३१५ धावांचा पाठलाग करताना त्याला तिसऱ्या क्रमांकावर पाठवले, तेव्हा ८२ धावा करून गांगुलीबरोबर १७९ ची भागी रचली. म्हणून पोराला अष्टपैलू करायचे तर त्याची सरासरी मोजत बसू नका. संघात कोणते काम रिकामे आहे ते बघा.

आधी एकच हुकमी कौशल्य

निवड चाचणीत मुलाला हातात बॅट किंवा चेंडू मिळतो तो मोजकी मिनिटे. दोन्ही थोडे थोडे येते असे दाखवणारा मुलगा त्या मिनिटांत कुणाच्याच लक्षात राहत नाही. बारा ते पंधरा या वयात एक कौशल्य मुख्य ठरवा. ते असे हवे की दुसरे काढून घेतले तरी मुलगा तालुक्याच्या संघात बसला पाहिजे. आठवड्यातला साधारण दोन तृतीयांश वेळ त्याला, उरलेला दुसऱ्याला. क्षेत्ररक्षण या हिशोबात धरू नका, ते रोजचे.

मुख्य कौशल्य जन्मभर तेच राहील असेही नाही. रचिन रवींद्र बघा. आईवडील बंगळूरचे, तो जन्मला वेलिंग्टनला. नोव्हेंबर २०२१ मध्ये कानपूरला पहिली कसोटी खेळला ती डावखुरा फिरकी टाकणारा आणि खाली फलंदाजी करणारा म्हणून, आणि शेवटच्या दिवशी ९१ चेंडू खेळून नाबाद १८ धावांवर न्यूझीलंडसाठी सामना अनिर्णित राखला. दोन वर्षांनी २०२३ च्या विश्वचषकात तोच वरच्या फळीत येऊन ५७८ धावा करून गेला. तीन शतके, त्यातले एक बंगळूरलाच पाकिस्तानविरुद्ध. दुसरे कौशल्य घासत राहिले की असा क्रम उलटतो.

टेनिसवरून लेदरवर

बेळगावचा व्हॅक्सिन डेपो असो, लेले मैदान असो की निपाणी-खानापूरकडचे एखादे शेत, आपल्याकडचा बहुतेक मुलगा आधी टेनिस बॉलवर तयार होतो. त्याने हात जलद होतात, नजर बसते. पण टेनिसचा चेंडू ५८ ग्रॅमच्या आसपास, आणि पुरुषांचा लेदर, म्हणजे कातडी चेंडू, १५५.९ ते १६३ ग्रॅम. मुलींचा चेंडू १४० ते १५१, तेरा वर्षांखालच्या मुलांचा १३३ ते १४४ ग्रॅम. अकरा वर्षांच्या पोराला मोठ्यांचा चेंडू दिला की खांदा उघडतो, गोलंदाजीची कृती बिघडते, आणि ती पुढे सुधारता सुधारत नाही. दुकानात चेंडू घेताना वजन विचारून घ्या.

टेनिसवरच्या दोन सवयी लेदरवर हमखास मारतात. एक, आडवी बॅट: टेनिसचा चेंडू उशिरा येतो आणि उंच उसळतो, म्हणून मिडविकेटकडे ओढून मारायची सवय लागते. लेदर त्याच टप्प्यावरून खाली राहतो आणि पॅडवर बसतो. दोन, गोलंदाजाचे नुसते मनगट आणि कोपर फिरणे. हलका चेंडू तसा जातो, जड चेंडूला खांदा, कंबर आणि पुढचा पाय लागतो. हा बदल सहा-आठ आठवडे घ्या. पहिले दोन आठवडे लेदर फक्त हाताने फेकून, सरळ बॅटने जमिनीलगत परतवायचा. मग नेट. या काळात टेनिसची स्पर्धा बंद, पोराला कितीही वाईट वाटले तरी.

मॅटचे, म्हणजे खेळपट्टीवर अंथरायच्या चटईचे, वेगळे. जिल्ह्याच्या पश्चिमेकडची जांभ्याची तांबडी माती दाबली की कडक होते, तिच्यावर मॅट घातली की चेंडू गळ्यापर्यंत येतो आणि फिरकी हातभर वळते. पूर्वेकडची काळी माती उन्हात भेगाळते, पावसात पाणी धरते. मॅट चारही बाजूंनी ताणून खिळे ठोका. एक सुरकुती राहिली तरी चेंडू कुठेही जातो आणि दोष फलंदाजाच्या माथी लागतो. मॅटवर खिळ्यांचे बूट नकोत, रबराच्या खुंट्यांचे घाला. मॅटवर पाच बळी घेणाऱ्या फिरकीपटूला टर्फवर, म्हणजे मॅट नसलेल्या खेळपट्टीवर, महिनाभर बळी मिळत नाही, हे ठरलेले आहे. तिथे वळण कमी मिळते, म्हणून उंची आणि वेगातला बदल यांवर काम करा.

बॅट नवी असेल तर कच्च्या जवसाच्या तेलाचे दोन पातळ हात द्या, दांड्याचा सांधा आणि स्टिकर सोडून. मग लाकडी हातोडीने चार-पाच तास ठोका, कडा जास्त. थेट नेटमध्ये नेली तर कड फुटते.

किती षटके टाकायची

अष्टपैलू बनवताना सर्वांत मोठी चूक इथे होते. कर्णधाराला तो फलंदाज म्हणूनही हवा, गोलंदाज म्हणूनही हवा, आणि रविवारी गल्लीच्या संघालाही हवा. सोळाव्या वर्षी कमरेच्या मणक्यात ताणाने बारीक भेग पडते आणि पोरगा सहा-आठ महिने घरी बसतो.

वेगवान गोलंदाजांसाठी इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने घातलेल्या मर्यादा आपल्याकडेही वापरण्याजोग्या आहेत. तेरा वर्षांपर्यंत एका स्पेलला (सलग टाकायच्या षटकांच्या टप्प्याला) ५ षटके, दिवसाला १०. चौदा-पंधराव्या वर्षी ६ आणि १२. सोळा ते एकोणीस ७ आणि १८. एक स्पेल झाला की तितकीच षटके त्याच टोकाकडून दुसऱ्याने टाकेपर्यंत थांबायचे. सरावात तेरापर्यंत ३० चेंडू, पंधरापर्यंत ३६, तेही आठवड्यात दोनदाच. सोळा-सतराव्या वर्षी ३६ चेंडू तीनदा. सलग दोन दिवसांपेक्षा जास्त गोलंदाजी नको, आणि सात दिवसांत चार दिवसांच्या वर नको.

हे पाळायचे तर वही हवी. तारीख, सामना की सराव, टाकलेले चेंडू, दुसऱ्या दिवशी पाठ कशी होती. टेनिसवर जोरात टाकलेली षटकेही त्यात धरा. चेंडू हलका असला तरी पाठीला पडणारा पीळ तोच असतो, आणि पालक नेमके हेच मोजत नाहीत.

कृती मोबाइलवर महिन्यातून एकदा चित्रित करा: एक चित्रण पंचाच्या मागून, एक बाजूने. मागचा पाय टेकतो त्या क्षणी कंबर आणि खांदे एकाच दिशेला हवेत. कंबर आडवी आणि खांदे समोर, किंवा पाय टेकल्यावर खांदे ३० अंशांहून जास्त उलटे फिरत असतील, तर ती मिश्र कृती. पाठ तिथेच मोडते. उजव्या हाताने टाकणाऱ्याला कमरेच्या डाव्या बाजूला दुखत असेल आणि डाव्या एका पायावर उभे राहून मागे वाकल्यावर कळ येत असेल, तर मलम-शेकात वेळ घालवू नका. गोलंदाजी त्याच दिवशी थांबवा आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. सुरुवातीची भेग साध्या एक्स-रेत दिसत नाही, एमआरआयबद्दल विचारा. फलंदाजी चालू ठेवायची की नाही, तेही त्यांनाच ठरवू द्या.

धावणे आणि अडवणे

दोन क्रीझमधले अंतर १७.६८ मीटर. पॅड, हेल्मेट घालून दोन धावांच्या सहा फेऱ्या, प्रत्येकीनंतर अर्धा मिनिट थांबून, आठवड्यात तीनदा. वळताना चेंडूकडे तोंड राहील त्या हातात बॅट घ्या आणि क्रीझच्या हातभर आधीपासून जमिनीवर सरकवत न्या. पोरे क्रीझ ओलांडून पाय टेकवतात आणि मग वळतात. तिथे वाया गेलेल्या पावलातच धावबाद होतात.

अडवण्याचा सराव पावसातही थांबत नाही. जूनपासून सप्टेंबरपर्यंत मैदान मिळत नाही, तर शाळेचा व्हरांडा चालतो: भिंतीपासून तीन मीटरवर उभे राहून मागून कुणी टेनिस बॉल भिंतीवर मारायचा आणि परतलेला झेलायचा, रोज साठ. चेंडू ओला करून केले तर अजून चांगले. उघडीप मिळाली की एकाच यष्टीवर दहा मीटरवरून खालून फेक, वीस वेळा, लागलेल्या मोजून.

कोणत्या राज्याकडून

सीमेवरच्या घरांना हा प्रश्न पडतोच. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडीचा मुलगा कर्नाटकाच्या क्रिकेट संघटनेच्या धारवाड विभागात येतो. बेळगावच्या ऑटोनगरचे मैदान त्याच संघटनेचे. चंदगड-गडहिंग्लजचा मुलगा महाराष्ट्राच्या संघटनेत. बेळगावचाच रोनित मोरे कर्नाटकाकडून रणजी खेळला, म्हणजे हा रस्ता चालता आहे. मामाकडे कोल्हापूरला एक नाव आणि इकडे एक, असे दोन्हीकडे नोंदवू नका. दोन ठिकाणचे कागद समोर आले की दोन्हीकडून अडचण होते.

देशाच्या पातळीवर हेच मोठ्या प्रमाणात होते. रॉबिनचा जन्म १९६३ चा, त्रिनिदादच्या प्रिन्सेस टाउनचा. शिक्षणासाठी मद्रासला आला, तमिळनाडूने १९८७-८८ ची रणजी जिंकली त्या संघात होता. १९८९ मध्ये भारताकडून पहिला सामना खेळला तो पोर्ट ऑफ स्पेनला, जिथून आला त्याच बेटावर. आणि मग १९९६ पर्यंत त्याला पुन्हा बोलावणे आले नाही. आलं तेव्हा वय ३३. आजच्या आयसीसी नियमात देशाकडून खेळायला जन्म, नागरिकत्व किंवा तीन वर्षांचे वास्तव्य यांपैकी एक लागते.

आपल्या पोराचे कागद पावसाळ्यातच उघडून बघा. शाळेच्या दाखल्यावर नाव-वडिलांचे नाव-आडनाव असा मराठी क्रम, आधारवर इंग्रजी आद्याक्षरे, जन्मदाखला कन्नडात आणि आडनावाचे स्पेलिंग तिसरेच, हे नेहमीचे आहे. जन्मतारीख तिन्हीत एकच आहे ना, ते आधी. सोळा वर्षांखालच्या मुलांची हाडांवरून वयाची चाचणी होते, म्हणून वर्षभर कमी लिहून घेण्याचा मोह नको. दुरुस्तीला आठवडे जातात, आणि चाचणीची तारीख कळते ती बहुधा चार दिवस आधी.