सोलापूरहून न्यूझीलंड: मोटरहोममध्ये चौघांचं घर कसं चालवायचं

आधी महिना ठरवा. सोलापुरात लांबची सहल मे महिन्यात निघते, कारण शाळेला सुट्टी असते आणि शहरात पारा ४२च्या वर असतो. न्यूझीलंडसाठी मात्र मे टाळा. तिथे तेव्हा हिवाळा तोंडावर असतो, दक्षिण बेटावर सहाच्या सुमारास अंधार पडतो आणि टेकापोसारख्या ठिकाणी रात्री पारा शून्याला टेकतो. दिवाळीची सुट्टी उत्तम. तेव्हा तिथे वसंत असतो आणि रात्री आठनंतरही उजेड राहतो. सुट्टी नोव्हेंबरच्या मध्यावर आली, तर टेकापो तळ्याच्या काठी ल्युपिनची जांभळी फुलंही मिळतात.

भारतीय पासपोर्टला व्हिजा आधीच काढावा लागतो. तो हातात येईपर्यंत विमानाचं परत न होणारं तिकीट काढू नका. व्हिजा आला की आरटीओतून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना घ्या. त्याची मुदत एक वर्ष असते, आणि मूळ परवानाही सोबत हवाच. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने सकाळी मुंबई, तिथून सिंगापूरमार्गे क्राइस्टचर्च हा सोपा रस्ता. तिथलं घड्याळ तिथल्या उन्हाळी वेळेत आपल्यापेक्षा साडेसात तास पुढे असतं. उतरल्या दिवशी मोटरहोम, म्हणजे पलंग आणि स्वयंपाकघर असलेली भाड्याची गाडी, ताब्यात घेऊ नका. एक रात्र हॉटेलात झोपा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी घ्या. अर्धवट झोपेत सात मीटर लांबीची गाडी अनोळखी रस्त्यावर चालवणं धोक्याचं आहे.

गाडी निवडताना झोपायच्या जागा आणि सीटबेल्ट वेगवेगळे मोजा. दोन्ही आकडे सारखे असतीलच असं नाही. चौघांसाठी चार जणांची गाडी घेतली, तर जेवणाचं टेबल रोज रात्री मोडून पलंग करावा लागतो आणि सकाळी पुन्हा उभं करावं लागतं. पैसे परवडत असतील तर सहा जणांची घ्या. सात वर्षांखालच्या मुलाला मान्यताप्राप्त बालआसन सक्तीचं आहे. ते कोणत्या सीटवर बसतं, हे बुकिंगच्या वेळीच विचारा. गाडी चालू असताना मागे कुणी उठून चहा करायचा नाही, सगळ्यांचे पट्टे लागलेलेच हवेत. विमा वाचताना छत आणि गाडीचा खालचा भाग त्यात आहे का, ते बघा. गाडी तीन मीटरहून उंच असते आणि झाडाच्या फांदीने छत फाटणं हा नेहमीचा अपघात आहे.

आता पाणी. नळाला चार-चार दिवसांनी पाणी येणाऱ्या शहरातल्या माणसाला साठवलेलं पाणी पुरवून वापरणं शिकवावं लागत नाही, आणि इथे तीच सवय कामी येते. चांगल्या पाण्याची टाकी साधारण १०० लिटरची धरा. पिण्या-स्वयंपाकाला १०, भांड्यांना १२ आणि हात-तोंडाला ८ असे रोज ३० लिटर धरले, तर तीन दिवस निघतात. गाडीतल्या शॉवरखाली चौघांनी अंघोळ केली, तर एका दिवसात टाकी संपते. म्हणून दर दुसऱ्या-तिसऱ्या रात्री हॉलिडे पार्कमध्ये, म्हणजे अशा गाड्यांसाठीच्या पैसे भरून राहायच्या तळावर, थांबा. तिथे अंघोळ, कपडे आणि मोठा स्वयंपाक उरकतो.

संडासाची कॅसेट, म्हणजे मैला साठवणारी, ओढून काढता येणारी टाकी, जेमतेम १८-२० लिटरची असते आणि आपल्याकडच्या कुटुंबांची अडचण नेमकी इथेच होते. मगाने धुतलं की दर वेळी लिटरभर पाणी आत जातं आणि कॅसेट दिवसभरातच भरते. दाबून धार सोडता येणारी २५० मिलीची बाटली ठेवा. ती पुरते, आणि कॅसेट दीड-दोन दिवस चालते. रिकामी फक्त डंप स्टेशनवर, म्हणजे मैला ओतायच्या ठरलेल्या जागी, करायची. हातमोजे घाला, बाहेरच्या झडपेतून कॅसेट ओढा, तोंड खड्ड्याकडे वळवा आणि ओतताना हवेचं बटण दाबून धरा. ते दाबलं नाही तर गचके देत सांडतं, अंगावर उडतं. तिथल्या धुण्याच्या नळाने दोनदा खळबळून घ्या, मग औषध आणि दोन लिटर पाणी घालून परत बसवा. पिण्याचं पाणी वेगळ्या नळाला, वेगळ्या पाइपने भरायचं, आणि तेही हात धुतल्यावर.

सांडपाण्याच्या टाकीला वास येतो तो तेल आणि डाळीच्या साक्यामुळे. भांडी आधी कागदाने पुसा, मगच धुवा. भाताचं एक शीतही सिंकमध्ये जाऊ देऊ नका, कारण पाइप बारीक असतो.

गॅस छोट्या सिलिंडरचा असतो. तीन लिटरचा कुकर घरून न्या, गॅस निम्मा वाचतो. फोडणी दिली की धुराची घंटा वाजते. तिची बॅटरी काढू नका आणि छताची खिडकी मिटून स्वयंपाक करू नका, बंद गाडीत कार्बन मोनॉक्साइड साचून जीव जाऊ शकतो. मिरचीची फोडणी पार्कच्या सामाईक स्वयंपाकघरात करा. मिक्सर आणि इंडक्शन फक्त विजेच्या जोडणीवर चालतात. बॅटरीवर दिवे, पंप आणि मोबाइल, एवढंच. भिंतीतल्या सॉकेटसाठी तिरक्या पिनांचा अडॅप्टर लागतो.

न्यायचं काय? कडक भाकरी आणि शेंगाचटणी यांच्याइतका सोयीचा शिधा नाही. गॅस लागत नाही, फ्रिज लागत नाही. पण दोन्ही कंपनीच्या पाकिटात, घटक छापलेले असावेत, आणि प्रवासी घोषणापत्रात खाद्यपदार्थ आहेत असं लिहा. लिहिलं असेल तर अधिकारी तपासून परत देतो किंवा काढून घेतो, दंड होत नाही. लपवलेलं सापडलं तर जागेवर ४०० न्यूझीलंड डॉलर जातात. मध, फळं, कढीपत्ता आणि ओल्या मिरच्या घरीच ठेवा. डाळ, तांदूळ, तूप क्राइस्टचर्चच्या भारतीय दुकानात मिळतं.

मार्ग असा धरा: क्राइस्टचर्चहून टेकापो २२५ किलोमीटर, तिथून आओराकी माउंट कुक १०५, मग लिंडिस खिंडीतून वानाका साधारण २०५. वानाका ते क्वीन्सटाउन क्राउन रेंजचा घाट जवळचा वाटतो, पण तो १,०७६ मीटर उंच आणि वळणावळणाचा आहे. मोटरहोम क्रॉमवेलवरून न्या. पुढे ते आनाउ १७० आणि मिलफर्ड साउंड ११८. सोलापूर-पुण्याचा हिशेब इथे लावू नका. ते आनाउहून मिलफर्डला अडीच तास धरा, फोटोंचे थांबे वेगळे. डिझेल ते आनाउलाच भरा. मे ते नोव्हेंबर या काळात या रस्त्यावर बर्फाच्या साखळ्या सोबत ठेवाव्या लागतात, म्हणून दिवाळीतही त्या मागून घ्या. १९५४मध्ये खुला झालेला होमर बोगदा १.२ किलोमीटरचा आहे. सिग्नलसाठी थांबलात की केआ पोपट येतात आणि काचेभोवतीचं रबर उपसतात. त्यांना खाऊ घालू नका. मिलफर्डला सँडफ्लाय नावाच्या बारीक माश्या चावतात, उतरण्याआधीच मलम लावा.

गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून चालतात, हा मोठा दिलासा. साडेतीन टनांवरच्या गाडीला कमाल वेग ९० आहे. एकपदरी पुलापाशी गोल पाटीवर तुमचा बाण छोटा आणि लाल असेल तर थांबा, निळ्या पाटीवर तुमचा बाण मोठा आणि पांढरा असेल तर जा. मागे रांग लागली की कडेला घेऊन वाट द्या. कँटरबरीत, म्हणजे क्राइस्टचर्चच्या प्रदेशात, वारा जोरात असतो, दार उघडताना ते हाताने घट्ट धरा, नाहीतर बिजागरी उखडते.

रात्री कुठेही थांबता येत नाही. मोकळ्या जागी मुक्काम करायचा तर गाडीला स्वयंपूर्णतेचं (पाणी, संडास, सांडपाणी सगळं गाडीतच असल्याचं) प्रमाणपत्र हवं, आणि २०२३च्या कायद्याने त्यासाठी बसवलेला, पक्का संडास लागतो. तरीही त्या गावाची पाटी वाचूनच थांबा. आओराकीत संवर्धन विभागाचा व्हाइट हॉर्स हिल तळ आहे. तिथल्यासारखी जागा शहरात पैसे देऊनही मिळत नाही.

निघताना रोज एकाच माणसाने हे बघायचं: विजेची तार काढली, पायरी आत घेतली, छताची खिडकी मिटली, गॅस बंद, फ्रिजचं दार आणि कपाटं अडकवली. तार काढायची राहिली तर सॉकेटच उपटून येतो. मागे घेताना एकाने खाली उतरून, आरशात दिसेल असं उभं राहायचं.

परत देताना डिझेलची टाकी भरलेली, कॅसेट आणि सांडपाण्याची टाकी रिकामी हवी. पंपावर डिझेल स्वस्त दिसतं, पण त्यावरचा रस्ता-कर किलोमीटरप्रमाणे वेगळा लागतो. म्हणून गाडी घेताना आणि देताना मीटरचा फोटो काढून ठेवा.