सार्कोमिअर शिकताय? आधी ठिपके काढा

कोल्हापुरात एमएस्सीला नव्याने आलेल्यांसाठी हे लिहितोय. सार्कोमिअर म्हणजे स्नायूच्या धाग्यातला, दोन झेड रेषांमधला, आकुंचन पावणारा एक तुकडा. त्यातले ॲक्टिन तंतू पातळ, मायोसिनचे जाड, आकुंचनात तंतू आखडत नाहीत, एकमेकांवरून सरकतात, हे बारावीपर्यंत झालंय. ते उगाळत नाही. फक्त व्हायव्हात या सरकण्याच्या शोधाचं १९५४ साल निघालं की ‘हक्सलीने शोधलं’ म्हणून गप्प बसू नका. ‘नेचर’च्या एकाच अंकात दोन पेपर होते: एक अँड्र्यू हक्सली आणि नीडरगेर्के यांचा, दुसरा ह्यू हक्सली आणि जीन हॅन्सन यांचा. दोघे हक्सली नात्यातले नव्हेत.

खरी गोची आडव्या छेदात आहे. पुस्तकातली उभी आकृती सगळ्यांची पाठ असते. मग प्रश्न येतो: पृष्ठवंशीय प्राण्यांच्या कंकाल स्नायूत जाड आणि पातळ तंतूंचं प्रमाण किती? एका मायोसिन तंतूभोवती सहा ॲक्टिन तंतू असतात, म्हणून आम्ही बरेच जण १:६ लिहून मोकळे झालो. उत्तर आहे १:२.

कागद घेऊन बसा, नुसतं वाचून डोक्यात शिरणार नाही. रांगोळीला काढतात तसे एक ओळ सोडून सरकवलेले ठिपके काढा, चांगले ठसठशीत. हे जाड तंतू. शेजारचे तीन-तीन ठिपके जोडले की त्रिकोण होतात. प्रत्येक त्रिकोणाच्या मधोमध बारीक टिंब द्या, तो पातळ तंतू. आता मधल्या कुठल्याही ठिपक्याभोवती मोजा, सहा टिंबं भरतील. पण त्यातलं प्रत्येक टिंब तीन ठिपक्यांच्या वाटणीत आहे. सहा भागिले तीन, दोन. पटलं नसेल तर कीटकांचा उडण्याचा स्नायू काढा. तिथे टिंब त्रिकोणात नसतं, दोन ठिपके जोडणाऱ्या रेषेच्या मध्यावर असतं. भोवती पुन्हा सहाच, पण वाटेकरी दोन, म्हणून १:३. सहाचा आकडा दोन्हीकडे तोच, आणि पाठांतरवाला नेमका तिथेच आपटतो.

अजून एक पाचर आहे. हे प्रमाण जिथे दोन्ही तंतू एकमेकांत शिरलेत तिथल्या छेदाचं. एच झोनमधून, म्हणजे सार्कोमिअरच्या मधल्या पट्ट्यातून, कापलंत तर फक्त जाड दिसतील, झेड रेषेलगतच्या आय बँडमधून फक्त पातळ. आणि अख्ख्या सार्कोमिअरमधले तंतू मोजायला सांगितले तर १:४ येतं, कारण जाड तंतू दोन्ही अर्धांत पसरलेला असतो, पातळ मात्र आपापल्या झेड रेषेपासून निघून मध्याच्या अलीकडेच थांबतो. तेव्हा प्रश्न दोनदा वाचा, मगच पेन उचला.

एवढं जमलं की बाकीचं हलकं जातं, खरंच. जाड तंतू साधारण १.६ मायक्रोमीटर लांब, पातळ सुमारे १. पातळ तंतूवरच्या ट्रोपोमायोसिन प्रथिनाचा एक रेणू सात ॲक्टिन रेणूंवर पसरतो. टायटिन हे लांबलचक प्रथिन झेडपासून सार्कोमिअरच्या मधल्या एम रेषेपर्यंत जातं, त्याला आकृतीत जागा द्या, लोक विसरतात.

सिनिअरच्या झेरॉक्स नोट्सवर माझा फारसा विश्वास नाही. झेरॉक्सची झेरॉक्स होता होता टिंबं पुसून जातात आणि राहतो तो १:६. गाईड ठरवतानाही नाव बघू नका, फळ्यावर स्वतः आकृती काढून दाखवणारा माणूस बघा.

आणि प्रॅक्टिकलची वाट बघू नका. मटणाच्या दुकानातून चरबी नसलेला छोटा तुकडा आणा, सुईने पाण्यात अगदी बारीक धागे सुटे करा, मिथिलिन ब्लू या रंगाचा थेंब टाका, सूक्ष्मदर्शकाच्या ४० च्या भिंगाखाली डायफ्रॅम (प्रकाशाची झडप) थोडा मिटवा. आडव्या पट्ट्या दिसल्या की जीव भांड्यात पडतो. मात्र दिसतात त्या पट्ट्याच. ॲक्टिन तंतूची जाडी ७ नॅनोमीटरच्या आसपास, ती साध्या सूक्ष्मदर्शकाच्या बापाला दिसणार नाही. रेकॉर्डबुकात ‘तंतू दिसले’ असं लिहिलंत तर परीक्षक पहिलं बोट तिथेच ठेवतील.