९.७८ आलं तर खोडू नका

लंबकाच्या प्रयोगाने गुरुत्वीय त्वरण (पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला किती वाढतो ते) काढलं की पोरांच्या जर्नलात हमखास एकच आकडा यायचा, ९.८१. डिचोलीत शिकवत होते तेव्हा तो दिसला की मी जर्नल मिटून कच्ची वही मागायची. पुस्तकात ९.८१ असतं, पण गोव्यात हे त्वरण साधारण ९.७८. त्यामुळे नेमकं ९.८१ आणणाऱ्याने बहुधा पुस्तकातल्या उत्तरावरून मागे गणित केलेलं असतं.

घरी करून बघायचं तर दोरा वाशातल्या पक्क्या आकड्याला बांधा. माटोळीची (चतुर्थीला गणपतीवर फळं-पानं बांधतात ती) टांगती चौकट नको, ती स्वतःच डुलते. हसू नका. तत्त्वज्ञ म्हणून नावाजलेला चार्ल्स पर्स नोकरी करायचा अमेरिकेच्या किनारा सर्वेक्षणात, लंबक मोजायची. लंबकासोबत त्याचं स्टँडही किंचित झुकतं आणि उत्तर बिघडवतं, हे त्याने १८७०च्या दशकात मोजून दाखवलं.

लांबी आकड्यापासून गोळीच्या मध्यापर्यंत घ्या. मीटरभर दोऱ्यात एक सेंटिमीटर चुकलात तर उत्तर एक टक्क्याने हललं. तीच चुकीची लांबी धरून दहा वेळा वेळ मोजा, सरासरी काढा, ती चूक तशीच राहणार. पावसाळ्यात सुती दोरा असेल तर लांबी प्रयोगानंतरही मोजा.

मग वीस आंदोलनांचा वेळ (गोळी एका बाजूला जाऊन, दुसऱ्या बाजूने फिरून परत आली की एक आंदोलन). गोळी मधून जाताना ‘शून्य’ म्हणून घड्याळ सुरू करा. ‘एक’ म्हणालात तर ‘वीस’ला एकोणीसच होतात आणि उत्तर १०.८ येतं. (दर वर्गात असा एक तरी निघायचाच.)

घड्याळ दोघांनी आलटूनपालटून दाबा, आकडे वेगळ्या रकान्यांत. इंग्लंडच्या ग्रिनिच वेधशाळेत प्रमुख मॅस्किलाइनने १७९६ साली मदतनीस किनब्रुकला कामावरून काढलं, कारण ताऱ्यांच्या वेळा तो ०.८ सेकंद उशिरा नोंदवायचा. पुढे खगोलशास्त्रज्ञ बेसेलने तपासलं, तर मुरलेल्या निरीक्षकांतही असा ठरावीक फरक निघाला. तोवर बिचाऱ्याची नोकरी गेली होती.

न जुळणारं रीडिंगही पेनानेच लिहा. शेजारी घड्याळ कोणी दाबलं, पंखा चालू होता का, तेही टिपा. १६७२ साली फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ रिशे पॅरिसहून दक्षिण अमेरिकेतल्या, विषुववृत्ताजवळच्या कायेनला गेला, तिथे त्याचं लंबकाचं घड्याळ दिवसाला अडीचएक मिनिटं मागे पडू लागलं, म्हणजे तिथे गुरुत्व कमी. पॅरिसमध्ये खगोलशास्त्रज्ञ कॅसिनीला त्याच्या मोजणीचीच शंका आली. रिशेने मात्र आकडा बदलला नाही. पृथ्वी विषुववृत्तावर फुगीर आहे हे सांगताना न्यूटनने तोच आकडा वापरला.