जुन्या ट्रॅक्टरचा पॉझिटिव्ह अर्थ ओळखताना

ट्रॅक्टर दुरुस्ती शिकू लागलो त्या पहिल्याच वर्षी मी एका जुन्या फोर्ड ८एन ट्रॅक्टरला सहा व्होल्टची नवी बॅटरी बसवली आणि सवयीने तिचे ऋण टोक बॉडीला जोडले. बॉडीकडून येणाऱ्या पट्टीचा क्लॅम्प त्या टोकावर सैल बसत होता, तो मी पाना लावून आवळला. सेल्फ नेहमीसारखा फिरला, इंजिन सुरू झाले, दिवेही लागले. पण थोड्याच वेळात जळका वास आला आणि झाकण काढून पाहिले, तर कटआउटचे (डायनॅमो आणि बॅटरी यांना जोडणाऱ्या-तोडणाऱ्या आपोआप चालणाऱ्या स्विचचे) पॉइंट एकमेकांना चिकटलेले होते.

१९४७ ते १९५२ या काळात बनलेल्या या ट्रॅक्टरमध्ये मुळात धन टोक बॉडीला जोडलेले असते, यालाच पॉझिटिव्ह अर्थ (धन अर्थिंग) म्हणतात. बॅटरीचे धन टोक ऋण टोकापेक्षा जाड असते, म्हणजे सैल क्लॅम्प मला चूक दाखवतच होता. सेल्फच्या मोटरमध्ये फील्ड (स्थिर गुंडाळी) आणि आर्मेचर (फिरणारी गुंडाळी) या दोन्हींतील प्रवाह एकाच वेळी उलटतो, त्यामुळे फिरण्याची दिशा बदलत नाही, आणि दिव्याला तर कोणतेही टोक चालते. म्हणून या दोन्हींवरून जोडणी कधीही पारखू नये. डायनॅमोचे तसे नाही. त्याच्या पोलमध्ये उरलेले चुंबकत्वच त्याच्या विजेची दिशा ठरवते, आणि बॅटरी उलटी असेल तर कटआउट जुळताच दोघांचा विद्युतदाब एकत्र येऊन पॉइंटमधून प्रचंड प्रवाह धावतो. अल्टरनेटर बसवलेला असेल, तर उलट्या बॅटरीने त्याचे डायोडच जळतात.

प्लगच्या ठिणगीसाठी उच्च दाब देणाऱ्या कॉइलच्या जोडणीतली चूक मात्र लपून राहते, म्हणून तिच्याकडे मी नवशिक्यांचे विशेष लक्ष वेधतो. प्लगचा मधला इलेक्ट्रोड तापलेला असतो आणि तापलेल्या धातूतून इलेक्ट्रॉन सहज सुटतात, त्यामुळे ठिणगीच्या वेळी तो ऋण असावा लागतो. त्यासाठी पॉझिटिव्ह अर्थ असलेल्या ट्रॅक्टरवर कॉइलचे धन टर्मिनल डिस्ट्रिब्युटरकडे (प्रत्येक प्लगला ठिणगी वाटणाऱ्या भागाकडे) जाते. ही जोडणी उलटली तरी इंजिन चालते, पण ठिणगीला जास्त दाब लागतो आणि भार पडल्यावर ते मिस होऊ लागते.

जुन्या ट्रॅक्टरची वायरिंग मधल्या काळात कोणी बदललेली असू शकते, तेव्हा नुसत्या मॉडेलवर विसंबू नये. पट्टी, क्लॅम्पचे भोक, कॉइल आणि डायनॅमो किंवा अल्टरनेटर हे सगळे एकमेकांशी जुळते का, ते पाहावे. अर्थ कोणताही असो, बॉडीची तार आधी काढावी आणि शेवटी जोडावी, कारण एरवी पाना बॉडीला टेकला की शॉर्ट होतो. जोडणी बदलल्यास डायनॅमोला नव्या दिशेचे चुंबकत्व द्यावे लागते, आणि त्याची पद्धत फील्डच्या जोडणीनुसार वेगळी असल्याने ती आधी ओळखावी. पॉझिटिव्ह अर्थ असलेल्या ट्रॅक्टरला दुसऱ्या वाहनाच्या बॅटरीवरून सुरू करताना धनाला धन आणि ऋणाला ऋण जोडावे, आणि दोन्ही वाहनांच्या बॉडी एकमेकींना टेकू देऊ नयेत.